काच दोन बोटं उघडी ठेवली तरी गाडी तापतेच

बडोद्यात मे महिन्याच्या भर दुपारी दांडिया बाजारात गाडी लावली की कुणीतरी मोठं माणूस हमखास सांगतं, "काच दोन बोटं खाली ठेव, आत तापणार नाही." हा समज चुकीचा आहे, आणि आत मूल असेल तर जीवघेणा.

ऊन काचेतून थेट आत येतं आणि सीट, स्टिअरिंग, डॅशबोर्ड तापवतं. काळ्या डॅशबोर्डला तर हात लावायची सोय राहत नाही. या तापलेल्या वस्तू आतली हवा तापवत राहतात, आणि बारीकशा फटीतून ती फारशी बाहेर पडत नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. काचा किंचित उघड्या ठेवून जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणून "पाच मिनिटांत येते" म्हणत बाळाला आत ठेवू नका, फट ठेवूनही नाही.

मुळात ऊन अडवा. पुढच्या काचेला चकचकीत सनशेड लावा, स्टिअरिंगवर पंचा टाका. झाडाखाली लावताना सावली तीन वाजता कुठे सरकेल तेही बघा. निघताना चारही दारं उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा.