गाळातलं पाणी आणि सोलापूरचं ऊन

सोलापूरचं मैलापाणी देगावसारख्या प्रक्रिया केंद्रांत शुद्ध होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मागे उरणाऱ्या गाळाचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पाण्यातली घाण खाऊन जिवाणू वाढतात, थव्याने खाली बसतात, तोच हा गाळ. तळातून उपसलेल्या या गाळात घन भाग असतो जेमतेम १ टक्का. बाकी सगळं पाणी!

हिशेब मांडून पाहा. १००० लिटर गाळात घन भाग साधारण १० किलो. तो ४ टक्क्यांपर्यंत दाट केला की २५० लिटर उरतो, २० टक्क्यांपर्यंत नेला तर ५० लिटर. म्हणजे नुसता दाट करतानाच ७५० लिटरचा बोजा उतरतो. टाक्या, पंप, वाहतूक, सगळ्यांचा खर्च या पहिल्या पायरीवर ठरतो, आणि मेम्ब्रेनचा खरा उपयोग इथेच आहे.

मेम्ब्रेन म्हणजे पॉलिमरचा पातळ पडदा. त्याची छिद्रं ०.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून बारीक, तर जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा. पडद्यांच्या चौकटी गाळाच्या टाकीतच उभ्या बुडवतात आणि आतून हलकेच पाणी ओढून घेतात. फुगलेला गाळ काही केल्या खाली बसत नाही, तेव्हाही हे काम अडत नाही. विरघळलेले क्षार आणि अमोनिया मात्र पडद्यातून आरपार जातात. त्यामुळे निघालेलं पाणी नितळ दिसलं तरी पिण्याचं नव्हे.

खरी डोकेदुखी पडदा तुंबण्याची. जिवाणू प्रथिनं आणि शर्करांचा चिकट स्राव सोडतात, त्याचा बुळबुळीत थर छिद्रांवर बसतो. तो सुटावा म्हणून खालून सतत हवेचे बुडबुडे सोडतात; विजेचा मोठा खर्च त्यातच होतो. अधूनमधून हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं रसायन) आणि सायट्रिक आम्लाने धुवावं लागतं. गाळ ३-४ टक्क्यांच्या पुढे गेला की इतका दाट होतो की बुडबुडेही नीट वर येत नाहीत. तिथे पडद्याने थांबायचं.

भिजलेली सोलापुरी चादर दोरीवर टाकली की काही पाणी आपोआप निथळतं, काही पिळून काढावं लागतं, तरी ओल राहतेच. ती घालवायला ऊनच लागतं. गाळाचंही तसंच. जिवाणूंच्या पेशींत आणि त्या चिकट स्रावात अडकलेलं पाणी पडद्याला दाद देत नाही. त्यासाठी पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे कण एकमेकांना चिकटवणारं रसायन, घालून गाळाचे गोळे बांधायचे आणि मग सेंट्रिफ्यूज (गरागरा फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र) किंवा फिल्टर प्रेसमधून (दाबून पाणी गाळणारं यंत्र) काढायचे.

नाहीतर वाळूचे वाळवण वाफे. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पाऊस बेताचाच. त्यामुळे जागा असेल तिथे आधी मेम्ब्रेन आणि मग ऊन, ही जोडी सोलापूरला शोभेल असं मला मनापासून वाटतं. मात्र उन्हात वाळला म्हणजे गाळ निर्धोक झाला असं नाही. जंतांची अंडी त्यात तग धरतात, म्हणून शेतात टाकण्याआधी तो तापवून नीट कुजवायला हवा. आणि कापड रंगवण्याचं सांडपाणी गटारात मिसळत असेल, तर त्यातले जड धातू ना पडदा नष्ट करतो ना ऊन. ते गाळातच साठतात. त्यांची तपासणी गाळ शेतकऱ्याच्या बांधावर पोचण्याआधीच व्हायला हवी.