अंग मोकळे करण्याची परंपरा : मुद्गलापासून ‘मोबिलिटी’पर्यंत

धावपटू, वेटलिफ्टर, बॅडमिंटनपटू किंवा साठीनंतरही सायकल चालवणारे हौशी खेळाडू यांच्या बोलण्यात हल्ली ‘मोबिलिटी’ हा शब्द सहज येतो. त्याचा नेमका अर्थ मात्र अनेकदा ‘लवचिकता’ असा घेतला जातो, आणि तेथेच घोटाळा होतो. पाठीवर झोपलेल्या माणसाचा सरळ पाय दुसऱ्याने हाताने उचलला तर तो जेवढा वर जातो, तेवढा तो माणूस उभा राहून स्वतःच्या बळावर उचलू शकत नाही. पहिली कक्षा लवचिकतेची आहे, तर दुसरी, म्हणजे स्वतःच्या ताकदीने गाठता येणारी आणि ताब्यात ठेवता येणारी कक्षा, मोबिलिटीची आहे. मैदानावर खेळाडूच्या कामी येते ती मुख्यतः दुसरीच. हा भेद नवा वाटत असला तरी आपल्या तालमींत तो शब्दांत न मांडताही पाळला जात असे. व्यायामाच्या विसाव्या शतकातील इतिहासात तो बराच काळ हरवला आणि पुढे हळूहळू पुन्हा सापडला.

तालमीत मुद्गल फिरवणाऱ्याकडे नीट पाहिले तर हा भेद डोळ्यांना दिसतो. लाकडी मुद्गल प्रथम खांद्यापाशी उभा धरला जातो, मग कोपर वर जाते आणि मुद्गलाचे जड टोक डोक्यामागून पाठीवर, दोन फऱ्यांच्या मध्ये उतरते. त्या क्षणी वजन लंबकासारखे झुलत खांदा मागे ओढत असते आणि खांद्याभोवतीचे लहानमोठे स्नायू त्याला आवरत असतात. मग ते वजन दुसऱ्या खांद्यावरून वळून पुढे येते. खांद्याचा सांधा शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा आहे, कारण त्याची खोबण उथळ असते. पण याच उथळपणामुळे त्याचे स्थैर्य हाडांपेक्षा स्नायूंवर अधिक अवलंबून राहते. त्यामुळे वजन सांधा उघडत असताना स्नायूंनी त्याला धरून ठेवणे हा व्यायाम खांद्याच्या रचनेला अगदी साजेसा आहे. उस्तादाने हे शरीरशास्त्राच्या भाषेत सांगितले नसेल, पण मुद्गल हलका की जड आणि फेरा लहान की मोठा हे ठरवताना त्याची नजर याच गोष्टीवर असे.

मल्लखांब हे याच विचाराचे अधिक अवघड रूप आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात खांबावरील व्यायामाचा उल्लेख आढळतो, आणि पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले असे परंपरा सांगते. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबाला मांड्यांनी पकडून शरीर उलटे तोलताना नितंबाचा सांधा पूर्ण कक्षेत उघडावा लागतो आणि त्याच वेळी मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंनी संपूर्ण शरीराचा भार पेलावा लागतो. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर धरला जातो. बुटात कोंडलेल्या पावलांना क्वचितच मिळते असे हे शिक्षण आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत मल्लखांब गावोगावच्या व्यायामशाळांत पोहोचला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर झाली.

मुद्गलाची कीर्ती मात्र त्याआधीच समुद्रापार गेली होती. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम पाहिला आणि तो हलक्या, सुबक ‘इंडियन क्लब’च्या रूपात इंग्लंडला नेला. १८३४ मध्ये डोनाल्ड वॉकर यांच्या पुस्तकात त्याचे सचित्र वर्णन छापले गेले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत क्लब फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धाही झाली. या प्रवासात वजन घटले आणि डौल वाढला. तालमीतील भाराचा भाग त्यात मागे पडला, ही खेदाची गोष्ट आहे.

ताकद आणि लवचीकपणा यांची फारकत येथून पुढे वाढत गेली. महाराष्ट्रात या संदर्भात स्वामी कुवलयानंद यांचे नाव घ्यावे लागते. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे शारीरिक शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आसन सावकाश आणि कमीत कमी श्रमाने करावे ही त्यांची मांडणी साधार होती. त्यांनी स्वतः बळाचे व्यायाम कधी नाकारले नाहीत, पण समाजाने सोयीचा अर्थ काढला : बळ कमवायचे असेल तर आखाडा आणि अंग मोकळे करायचे असेल तर योगासने. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांतून रुजवलेले सूर्यनमस्कार या दोन्हींना जोडणारे होते, कारण त्यांत हातांवर भार घेत पाठीचा कणा, नितंब आणि घोटे एकामागून एक उघडले जातात.

पाश्चात्त्य क्रीडाशिक्षणात ही फारकत मोजमापामुळे पक्की झाली. १९५२ मध्ये वेल्स आणि डिलन यांनी बसून पुढे वाकत हात किती पुढे पोहोचतो हे मोजणारी चाचणी मांडली. ती सोपी असल्याने जगभरच्या शाळांत पसरली. हात किती पोहोचला हे तिच्यातून कळते, पण तेथे पोहोचल्यावर शरीरावर ताबा किती आहे हे कळत नाही.

या इतिहासातील सर्वांत दुर्दैवी प्रकरण गुडघ्याचे आहे, आणि त्याची झळ आपल्यालाही लागली. १९६१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी असे प्रतिपादन केले की पूर्ण खाली जाणाऱ्या बैठकांमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात. पुढील अभ्यासांत या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. परंतु तोवर ‘मांडी जमिनीला समांतर झाली की थांबा’ हा नियम प्रशिक्षकांच्या तोंडी बसला होता. ज्या समाजात उकिडवे बसून भांडी घासली जात आणि पहाटे शेकड्यांनी बैठका मारल्या जात, तेथेही ‘पूर्ण बसू नका, गुडघे जातील’ असा सल्ला दिला जाऊ लागला. वास्तविक सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो तो भार पडण्याच्या आणि सुटण्याच्या क्रियेने. ज्या कोनात सांधा कधी जातच नाही, तेथे ही देवघेव मंदावते. झिजलेल्या किंवा दुखावलेल्या गुडघ्याला वेगळा विचार हवा हे खरे, पण धडधाकट तरुण खेळाडूला त्याच्याच सांध्याची अर्धी कक्षा नाकारणे हा त्याच्यावर अन्याय होता.

१९७० च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली आणि तिच्याबरोबर स्थिर ताण देण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. स्पर्धेपूर्वी ताण देत अर्धा मिनिट थांबणे हा जणू विधीच झाला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र दीर्घ स्थिर ताणानंतर लगेच स्नायूंची कमाल ताकद घटलेली आढळली, आणि त्यानंतरच्या संशोधनाने स्पर्धेआधीची तयारी हालचालयुक्त असावी या मताला बळ दिले. त्याआधीच, १९४० च्या दशकात, हर्मन काबट यांनी लकवाग्रस्त रुग्णांसाठी स्नायू आकुंचित करून मग सैल सोडण्याची आणि तिरप्या रेषेतील हालचालींची पद्धत घडवली होती. खेळाडूंपर्यंत ती उशिरा आली, पण कक्षा आणि बळ यांना तिने पुन्हा एकत्र आणले.

१९९० च्या दशकात ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी हालचालीचा दर्जा तपासणाऱ्या ७ चाचण्यांचा संच तयार केला. प्रत्येक चाचणीला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २१. पूर्ण खाली जाणारी बैठक ही त्यातील पहिली चाचणी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापतीचा धोका, हा निष्कर्ष २००७ मधील एका अभ्यासानंतर फार गाजला, पण पुढील परीक्षणांत या गुणांवरून दुखापतीचे भाकीत फारसे करता येत नाही असे दिसून आले. तरीही खेळाडू किती धावतो याबरोबर तो कसा हलतो हे पाहण्याची सवय प्रशिक्षकांना लागली, आणि ती मोलाची आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित परीक्षणात असे आढळले की ताकदीचे व्यायाम आणि ताण देण्याचे व्यायाम या दोहोंनी सांध्यांची कक्षा जवळपास सारखीच वाढते.

उतारवयाचा विचार याच धाग्याला येऊन मिळतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींना जमिनीवर बसून, शक्य तितक्या कमी आधाराने उठण्यास सांगण्यात आले. हात किंवा गुडघा टेकल्यास प्रत्येक वेळी एक गुण कमी होई. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी गुण मिळवणाऱ्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. हा केवळ सहसंबंध आहे, कारण नव्हे. पण त्या चाचणीत जे तपासले जाते ते पाटावर जेवायला बसणारी पिढी दिवसातून दोनदा, हात न टेकता करत होती.