ताकदीची सलाईन (ग्रामीण विदर्भ)

ताकदीची सलाईन : ठरावीक आजाराचे निदान नसताना, केवळ थकवा जावा आणि अंगात जोर यावा म्हणून शिरेतून ग्लुकोज, मीठपाणी व जीवनसत्त्वे घेण्याची ग्रामीण विदर्भातील रूढ पद्धत. बोलीत तिला नुसते 'बाटल' म्हणतात. बाटल लावतात किंवा चढवतात. गोळ्या, टॉनिक, ओआरएस आणि आहार हे तिचे तोंडावाटे घ्यायचे पर्याय. मोठ्या शहरांत 'पेशींची ऊर्जा' आणि 'निरोगी वार्धक्य' या नावांनी विकली जाणारी एनएडी ड्रिप (पेशीत ऊर्जा तयार व्हायला मदत करणारा एनएडी हा रेणू शिरेतून देणे) ही याच समजुतीची महागडी आवृत्ती असल्याने दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

बाटलीला हंगाम असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी आटोपली की, आणि यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात निंदण, कापणी, वेचणीच्या दिवसांत दवाखान्यातील खाटा भरतात. तिसरा हंगाम मे महिन्याचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे तेव्हा पारा 45 अंशांच्या वर जातो. "हातपाय गयून गेले डाक्टरसायेब, एक बाटल लावून द्या," ही मागणी रोगी घरूनच ठरवून येतो; तपासणी ही मधली औपचारिकता ठरते. नुसती गोळी लिहून देणारा डॉक्टर 'काही करत नाही' असे गावात बोलले जाते, आणि फुकटच्या सल्ल्यापेक्षा लावलेल्या बाटलीचे पैसे मागणे डॉक्टरलाही सोपे जाते. पदवीधर डॉक्टर लांब असेल तेथे हे काम मोटारसायकलवर पिशवी अडकवून फिरणारा झोलाछाप, म्हणजे पदवी नसलेला डॉक्टर, करतो. बाटली मग घरातल्या खुंटीला किंवा खिडकीच्या गजाला टांगली जाते.

बाटलीत काय असते, हे घेणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते. 'एनएस' लिहिलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, उष्मांक शून्य. 'डी-5' मध्ये 25 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे सुमारे 100 किलोकॅलरी. ज्वारीची एक मध्यम भाकर पन्नास-साठ ग्रॅम पिठाची धरली, तर तिच्यातून 170 ते 200 किलोकॅलरी मिळतात. दिवसाची मजुरी मोडून घेतलेल्या बाटलीत जेमतेम अर्ध्या भाकरीची ऊर्जा असते, तीही प्रथिने, लोह, तंतू यांच्याशिवाय. 'डीएनएस' मध्ये ग्लुकोज आणि मीठ दोन्ही, आणि 'आरएल' मध्ये मिठाबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम व लॅक्टेट असते.

खरी करामत रंगाची आहे. पारदर्शक बाटलीत बी-कॉम्प्लेक्स किंवा मल्टिव्हिटॅमिनचे इंजेक्शन सोडले की पाणी पिवळे होते. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा. पांढऱ्या बाटलीपेक्षा पिवळी 'पावरची' मानली जाते आणि तिचा दरही जास्त असतो. काही तासांनी लघवी गर्द पिवळी होते. शरीराने गरजेपेक्षा जास्तीचे जीवनसत्त्व बाहेर टाकल्याची ती खूण असते, पण पुष्कळांना ते अंगातली उष्णता निघाल्याचे लक्षण वाटते.

तरीही बाटली लावल्यावर बरे वाटते, हे खोटे नाही. दिवसभर उन्हात काम करून पाणी कमी पडलेल्या शरीराला अर्धा लिटर पाणी आणि मीठ मिळाले की डोके हलके होतेच. अपेक्षेचाही वाटा मोठा. त्याहून महत्त्वाची गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. हाताला चिकटपट्टी लावून खाटेवर पडलेल्या बाईच्या उशाशी नवरा बसलेला असतो, जाऊ बिस्किटचा पुडा घेऊन पाहायला येते, सासू वर बघून "किती राह्यली?" एवढेच विचारते. जिने वर्षभरात दिवसा कधी अंग टाकलेले नसते, तिला बाटली संपेपर्यंत कोणी उठवत नाही. विश्रांतीचा हा हक्क गोळीच्या पाकिटाने मिळत नाही, आणि गोळ्यांचे फायदे कितीही समजावले तरी बाटलीची मागणी का टिकते याचे एक उत्तर येथे आहे.

पेशी, एनएडी आणि ज्वारी. पेशीला लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात खर्च होते. शरीर दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या जवळपास इतके एटीपी तयार करते आणि मोडते. साठा मात्र कोणत्याही क्षणी अगदी थोडा असतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरापर्यंत, वाहून नेण्याचे काम एनएडी हा सहविकर (विकराला मदत करणारा रेणू) करतो. आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना 1906 मध्ये यीस्टच्या किण्वनावर काम करताना त्याचा सुगावा लागला; हार्डन आणि हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना 1929 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वयाबरोबर काही ऊतींमधील एनएडी घटत असल्याचे दिसते, आणि त्यावरच वार्धक्य थोपवण्याच्या ड्रिपांचा सगळा बाजार उभा आहे.

एनएडीचा कच्चा माल नायसिन, म्हणजे ब-3. कॉनराड एल्व्हेहजेम यांनी 1937 मध्ये कुत्र्यांच्या 'काळी जीभ' या रोगावर निकोटिनिक आम्ल लागू पडते हे दाखवले, आणि माणसांतील पेलाग्राचा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा, उपाय हाती आला. अमेरिकेत हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा होता. दख्खनच्या पठारावर मात्र तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नायसिनचे गणित बिघडते, असे हैदराबादचे संशोधक सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडले. पुढे या मतावर वाद झाले. पश्चिम विदर्भ हा जुना ज्वारीचा मुलूख. पण भाकरीबरोबर तुरीचे वरण आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर ही उणीव भरून निघते. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 12 मिलीग्रॅम नायसिन असते आणि प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण 14 ते 18 मिलीग्रॅमची.

एनएडी थेट शिरेत सोडले तर ते पेशीत जाईल, ही कल्पना सोपी वाटते. तिथेच ती अडते. रेणू मोठा आणि विद्युतभारित असल्याने बहुतेक पेशी तो अख्खा आत घेत नाहीत. त्याचे आधी निकोटिनामाइडसारखे तुकडे होतात आणि पेशी त्यांतून स्वतःचे एनएडी पुन्हा बांधते. मोजक्या पुरुषांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा तासांत 750 मिलीग्रॅम एनएडी शिरेतून दिले गेले. पहिले दोन तास रक्तातील पातळी वाढलीच नाही. ठिबक वेगाने सोडले तर मळमळ, पोटात कळ, छातीवर दडपण येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वार्धक्यावरचा उपचार म्हणून या ड्रिपला मान्यता दिलेली नाही.

तोंडावाटे घ्यायच्या निकोटिनामाइड रायबोसाइड आणि एनएमएन (निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड) या पूर्वद्रव्यांचा, म्हणजे ज्यांपासून शरीर एनएडी बनवते त्यांचा, पुरावा त्यापेक्षा बरा आहे, तरी मर्यादित. दोन्हींनी रक्तातील एनएडी वाढते. रजोनिवृत्ती झालेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील स्त्रियांना रोज 250 मिलीग्रॅम एनएमएन दहा आठवडे दिल्यावर स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली, असे 2021 मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत आढळले. वजन मात्र घटले नाही. माणसाचे आयुष्य वाढते असे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही. गंमत अशी की खेड्यातल्या पिवळ्या बाटलीत पडणाऱ्या बी-कॉम्प्लेक्समध्ये निकोटिनामाइड असतेच, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतही असते. महानगरातला गिऱ्हाईक ज्यासाठी हजारो रुपये मोजतो, ते रसायन शेवटी या गोळीच्याच कुळातले.

आतड्याचा रस्ता. पाणी भरून काढायला शीरच हवी, ही समजूत अर्ध्या शतकापूर्वीच मोडली. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या अस्तरातून जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांतून वाटले आणि पटकीच्या (कॉलराच्या) रोग्यांतील मृत्यू झपाट्याने खाली आणले. त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. 2002 पासूनच्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका पाकिटात साडेवीस ग्रॅम चूर्ण असते आणि ते एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते. आपल्याकडे ते बहुधा पेलाभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकले जाते, मग चव फार खारट लागते किंवा काहीच लागत नाही. उन्हाने गळालेला पण शुद्धीवर असलेला, उलट्या न होणारा माणूस ओआरएस, ताक, कैरीचे पन्हे यांवर सावलीत सावरतो. बडबडू लागलेल्या, अंग तापून कोरडे पडलेल्या माणसाला मात्र उष्माघात झालेला असतो. त्याला ताबडतोब थंड पाण्याने गार करत रुग्णालयात न्यावे. तिथे शिरेतून दिलेल्या द्रवाचा खरा उपयोग होतो.

ब-12 च्या लाल इंजेक्शनाचीही अशीच कथा. माळकरी आणि महानुभाव घरांत मांस-मासे वर्ज्य असल्याने याची कमतरता खरोखर आढळते; पाय जळजळतात, मुंग्या येतात. पण रोज 1000 मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर शोषण बिघडलेल्या रोग्यातही सुमारे एक टक्का भाग आपोआप आत जातो, आणि तेवढा बहुतेकांना पुरतो. नसांना इजा झालेली असेल तर सुरुवात सुईनेच करतात.

लोहाच्या बाबतीत शीर कधी कधी जिंकते. गरोदर बाईला 60 मिलीग्रॅम लोहाची लाल गोळी रोज देतात. मळमळ होते, शौच काळी होते, म्हणून ती अनेकदा फडताळातच राहते. घेतली तर वर चहा प्यायला जातो आणि लोह अडते. दिवस भरत आलेले, हिमोग्लोबिन फार खाली आणि गोळ्या सोसत नाहीत, अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात आयर्न सुक्रोज शिरेतून देतात. ती बाटली पिवळी नसून गर्द तपकिरी असते, आणि तिच्यामुळे ताकद खरोखर येते, पण काही आठवड्यांनी. सुईची योग्य जागा दाखवणारे दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. बालमृत्यूतील घट दाखवणारे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले.

धोके. नेहमीच्या सेटमधून वीस थेंबांचा एक मिलीलिटर होतो. अर्धा लिटर चार तासांत द्यायचा तर मिनिटाला चाळीस-बेचाळीस थेंब पडायला हवेत. दोन खाटांच्या दवाखान्यात बाहेर रांग असताना हीच बाटली तासाभरात संपवतात. मिनिटाला दीडशेच्या वर थेंब. तरण्या मजुराला ते खपते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला दम लागू शकतो. शिवाय 'एनएस'च्या एका बाटलीतले मीठ जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या रोजच्या पाच ग्रॅमच्या मर्यादेजवळ जाते. 'महिन्याची एक बाटल' घेणारे वृद्ध पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना रक्तदाबाची गोळीही चालू असते. आपल्याला मधुमेह आहे हे माहीत नसलेल्याला डी-5 देण्यात जोखीम आहेच. सुई पुन्हा वापरली तर ब आणि क कावीळ पसरते. शीर सुजणे तर नित्याचे.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे चुकलेले निदान. फवारणी करून आलेल्या माणसाचा घाम, मळमळ आणि थरथर हा थकवा समजून बाटली लावली जाते आणि तास निघून जातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. ऑर्गनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा लागतो. ग्लुकोजने ते विष उतरत नाही.

पूर्व विदर्भात सततच्या अशक्तपणामागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. हा पंडुरोग लोहाच्या अभावाचा नसल्याने 'रक्तवाढीचे' टॉनिक येथे कामाचे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रोग्यात लोह आधीच साचलेले असते. हाडे फुटल्यासारखी दुखतात आणि पिणेही होत नाही, तेव्हा रुग्णालयात सलाईन देतात. वेदनेचे झटके मुळात कमी व्हावेत म्हणून मात्र हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल असते. ती रोज तोंडानेच घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासत राहायचे.