स्लाइडशोसाठी फोटो ३०० डीपीआयचेच लागतात?

लग्नात, एकसष्टीला स्लाइडशो लावायचा म्हटलं की कुणीतरी हमखास बजावतं, ‘फोटो ३०० डीपीआयचे करा, नाहीतर पडद्यावर फाटतील.’ हे चूक आहे. डीपीआय म्हणजे कागदावर एका इंचात किती ठिपके छापायचे, एवढंच. प्रोजेक्टरला मतलब पिक्सेलशी, म्हणजे फोटो ज्या बारीक रंगीत चौकोनांनी बनतो त्यांच्या संख्येशी. फुल एचडीला १९२० बाय १०८० पिक्सेल पुरतात. तेवढ्या पिक्सेलचा फोटो ७२ डीपीआयचा असो वा ३००चा, पूर्ण पडद्यावर अगदी सारखाच दिसतो.

खरा घात होतो व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे फोटो आकसतो, आणि नंतर डीपीआय वाढवून गेलेले बारकावे परत येत नाहीत. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा.

पॉवरपॉइंटही सेव्ह करताना चित्रं दाबतं. फोटो टाकण्याआधीच ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा.