पितळ मूलद्रव्य नाही, आणि नवसागर तर अजिबातच नाही

लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, जमिनीत छोटा खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता चालू आणि आम्ही पोरं भोवती उकिडवी बसलेली. भांडं लाल व्हायला आलं की तो चिमूटभर नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर, डोळे चुरचुरायचे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवली की आतून भांडं चांदीसारखं. शाळेत मूलद्रव्य आणि संयुग या व्याख्या पाठ करून मार्क मिळवले, पण खरं डोक्यात शिरलं ते पुढे कधीतरी हे आठवल्यावर.

कथील हे मूलद्रव्य. 232 अंशांना वितळतं, पण वितळलं, पसरलं, थंड झालं तरी कथीलच, त्यातून आणखी साधं काही निघत नाही. अशी मूलद्रव्यं आजवर 118 माहीत आहेत.

नवसागराचं तसं नाही, ते संयुग आहे. नायट्रोजनचा 1 अणू, हायड्रोजनचे 4, क्लोरीनचा 1, नवसागर कुठूनही आणा, हाच हिशोब. आणि गंमत बघा, नायट्रोजन आपण दिवसभर श्वासात घेतो, हायड्रोजन भडकतो, क्लोरीन विषारी, पण तिघं जोडले गेले की पुडीत बांधून देता येईल असा पांढरा खडा. तापवला की तो फुटतो, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. यातला दुसरा भांड्यावरचा काळा ऑक्साइडचा थर खातो म्हणून कथील नीट धरतं. उरलेले दोघं वर जाऊन गार झाले की परत एकमेकांना चिकटतात, म्हणजे तो धूर मुख्यतः नवसागराचीच बारीक पूड!

आता पितळ. इथे बरेच जण फसतात, मी पण फसलो होतो. तांबं आणि जस्त मूलद्रव्यं, पण पितळ ना मूलद्रव्य ना संयुग, ते संमिश्र, म्हणजे मिश्रणच. जस्त 30 टक्के घाला नाहीतर 40, पितळच म्हणणार. संयुगात अशी मनमानी चालत नाही.

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ते का, तर ताकातलं आम्ल तांब्याशी जुळून नवीन संयुगं करतं, ती ताकात उतरतात, पोटाला वाईट. चिंचेने तांब्या घासतो तेव्हाही असंच, काळपट ऑक्साइड चिंचेच्या आम्लात विरघळून निघून जातो, फक्त त्या ऑक्साइडमधलं तांबं त्या भांड्याचंच असतं, म्हणजे दर घासणीला तांब्या किंचित झिजतोच.