पोटशुळाच्या घोड्याला इंजेक्शन टोचण्याआधी आम्हाला फोन करा

पेडणे-बार्देशपासून काणकोणपर्यंत ज्या तबेल्यांत आम्ही घोड्यांचे डॉक्टर नेहमी जातो, त्या घोडेमालकांसाठी आणि मोतद्दारांसाठी हे पत्रक आहे. पोटशूळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. घोडा टापेनं जमीन उकरतो, मान वळवून भकाळीकडे बघतो, वरचा ओठ उचलतो, लघवीला उभा राहिल्यासारखा ताणतो, बसतो, उठतो आणि शेवटी लोळायला लागतो. ही लक्षणं ओळखण्यात तुमची चूक होत नाही. चूक होते ती पुढच्या पंधरा मिनिटांत, आणि तीच आम्हाला पुन्हा पुन्हा बघावी लागते.

फोन येतो तो असा: "डॉक्टर, सकाळी पोट धरलं होतं. घरातलं इंजेक्शन दिलं, बरा झाला, थोडा पेंढाही खाल्ला. आता रात्री परत लोळतोय, घामानं भिजलाय."

सकाळच्या इंजेक्शनपासून रात्रीच्या फोनपर्यंत गेलेला वेळ कुठल्याही औषधानं परत मिळत नाही.

इंजेक्शन नेमकं काय करतं

तबेल्यातल्या कपाटात असतं ते बहुधा फ्लुनिक्सिन. औषध उत्तम आहे, आम्हीही रोज वापरतो. पण ते कळ थांबवतं, कळीचं कारण थांबवत नाही. त्याचा असर आठ ते बारा तास टिकू शकतो. साधा वात किंवा आतड्याचा मुरडा असेल तर तेवढ्यात तो आपोआप सुटतो आणि इंजेक्शननं घोडा बरा झाला असं वाटतं. पोटशुळाची बरीचशी प्रकरणं अशीच असतात, म्हणून ही सवय पडते. पण आतड्याला पीळ पडला असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर घोडा शांत उभा असताना आत आतडं मरत असतं. बाहेरून काहीच दिसत नाही, कारण दिसणारी एकमेव गोष्ट, म्हणजे वेदना, आपणच झाकलेली असते.

आम्ही येतो तेव्हा सगळ्यात आधी नाडी मोजतो, आतड्यांचा आवाज ऐकतो, घोडा किती कळवळतोय ते बघतो. औषधानं घरी बरा होईल की ऑपरेशनला न्यावा लागेल, हे बरंचसं यावरूनच ठरतं. फ्लुनिक्सिन आधीच दिलेलं असेल तर वेदनेचा अंदाज चुकतो. मुरड्यावरचं हायोसिन दिलं असेल तर गोंधळ वाढतो, कारण त्यानं नाडी काही वेळ उगाचच वाढते आणि आतड्यांचा आवाज बंद पडतो. मग घोडा खरंच गंभीर आहे की हा औषधाचा परिणाम आहे, हे कळायला आम्हाला थांबून राहावं लागतं. त्या वेळेचे पैसे तुम्हाला पडतात आणि दुसऱ्या तबेल्यातला घोडा ताटकळतो.

यात गोव्याची एक अडचण मिळवा. आम्ही घोड्याचं पोट उघडण्याचं ऑपरेशन करत नाही. त्यासाठी चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढून बेळगावच्या दिशेनं आणि तिथून पुढे पुण्याला किंवा बंगळुरूला जावं लागतं. पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी मिळवणं, घोडा चढवणं, घाटातली वळणं सावकाश घेणं, हे सगळं धरलं तर निर्णय सकाळी झाला पाहिजे. रात्री अकरा वाजता झालेला निर्णय बहुतेक वेळा कामाचा नसतो.

"म्हणजे घोडा तडफडत असताना आम्ही बघत बसायचं?" असं विचारतात, आणि विचारणं बरोबर आहे. नाही, बघत बसू नका. फोन करा. फोनवरच आम्ही सांगू की इंजेक्शन द्या, किती द्या आणि कुठे द्या. आमचं म्हणणं एवढंच की त्याआधी नाडी मोजलेली असावी आणि आम्ही गाडीत बसलेले असावं. इंजेक्शन दिलंच असेल तर लपवू नका. किती वाजता, कोणतं, किती मिलिलीटर, हे खडूनं तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. कोणी रागावणार नाही.

फ्लुनिक्सिन मानेच्या मांसात टोचू नका. घोड्यात त्या जागी जंतुसंसर्ग होऊन मांस सडण्याचे प्रकार होतात आणि त्यात घोडा दगावू शकतो. ते शिरेतून देतात, तेही हात बसलेल्या माणसानं. शेजारच्या गोठ्यातून गाईची बाटली आणून अंदाजानं सिरिंज भरणं हा तर आणखी मोठा धोका. आम्ही हे औषध नुसतं मागितलं म्हणून देत नाही, ते याचसाठी. काहींना राग येतो, "पैसे देतो ना" म्हणतात. पण घोडा तपासलेला असेल आणि देणारा माणूस आमच्या हाताखाली शिकलेला असेल, तरच आम्ही बाटली तबेल्यात ठेवतो.

फोनवर आम्ही काय विचारतो

घोडा चरतो की नाही यापेक्षा आम्हाला नाडी हवी असते. खालच्या जबड्याच्या कडेवर, आतल्या बाजूनं दोन बोटं टेकवून पुढे-मागे सरकवा. पेन्सिलीएवढी जाड, बोटाखालून निसटणारी एक दोरी लागेल. ती हाडावर हलकेच दाबून धरा की ठोका लागतो. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. निवांत मोठ्या घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. ५० च्या पुढे गेली तर आम्ही निघायची तयारी करतो. ६० च्या वर राहिली तर लगेच निघतो, मग घोडा वरवर कितीही शांत दिसो. घोडा धडधाकट असताना रोज सकाळी एकदा मोजायची सवय लावा. लोळणाऱ्या घोड्यावर पहिल्यांदाच ती दोरी शोधायला गेलात तर सापडत नाही.

हिरडी बघा. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी विटेसारखी लाल किंवा जांभळट दिसली तर तेही सांगा. लीद शेवटची कधी पडली, किती आणि कशी? निरोगी घोडा दिवसाला आठ-बारा वेळा लीद टाकतो, त्यामुळे रात्रीपासून तबेला कोराच असेल तर तीही मोठी बातमी आहे. ताप बघितलात तर उत्तम. ३८.५ अंशांच्या वर असेल तर आम्ही वेगळ्या दिशेनं विचार करतो.

एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. घोड्याच्या तोंडाचा नको, पूर्ण घोड्याचा, बाजूनं काढलेला.

आम्ही पोचेपर्यंत

समोरचं खाणं काढा, पाणी ठेवा. नाकातून हिरवट पाणी किंवा चारा येत असेल तर पाणीही काढा आणि पुन्हा फोन करा, कारण ती खरी आणीबाणी आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराचं वरचं तोंड इतकं घट्ट मिटलेलं असतं की आत साचलेलं सहजी बाहेर येत नाही आणि जठर फुटू शकतं. आम्ही नाकातून नळी घालतो ती आधी हे साचलेलं काढायला, तेल घालायचं ते नंतर.

म्हणूनच बाटलीनं किंवा बांबूच्या नळकांड्यानं तेल, हिंगाचा काढा, ताक, सोडा यांतलं काही पाजू नका. बैलाला पिढ्यान्‌पिढ्या असं पाजत आले आहेत, पण बैलाचं पोट वेगळं. घोड्याचं डोकं वर धरून पाजलं की ते श्वासनळीत उतरायला वेळ लागत नाही. पॅराफिन तेलाला चव नाही, वास नाही, त्यामुळे घोडा खोकतही नाही. पोट सुटतं आणि चार दिवसांनी न्यूमोनियानं घोडा जातो. दोन-चार लिटर पॅराफिन आम्हीही देतो, पण नळी जठरात पोचल्याची खात्री करूनच.

दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा. तासन्‌तास फिरवून दमवू नका. ऑपरेशनची वेळ आली तर त्याच ताकदीवर घोडा टिकायचा असतो. शांत पडून राहत असेल तर पडू द्या. जोरजोरात लोळत असेल तर मोकळ्या, मऊ जागी न्या आणि स्वतः त्याच्या पायांपासून लांब राहा.

रेती

किनारपट्टीच्या तबेल्यांसाठी हा भाग मुद्दाम लिहितो आहोत. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात आणि दक्षिणेत कोलवा, बाणावलीकडे भाटांतली, म्हणजे माडांच्या बागांतली, जमीन रेताड आहे. घोडा आखूड गवत मुळासकट उपटतो, जमिनीवर टाकलेल्या पेंढ्यातलं शेवटचं काडूक ओठांनी वेचतो, आणि प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर रेती पोटात जाते. ती जड असल्यामुळे मोठ्या आतड्याच्या तळाशी बसते. मोठं आतडं तीन-चार मीटर लांब आहे आणि ओटीपोटाजवळ ते एकदम वळतं व अरुंद होतं. तुंबारा, म्हणजे आत अडकून आतडं तुंबणं, धरतो तो बहुतेकदा तिथेच. आधी काही दिवस लीद पातळ होते, घोडा थोडा उतरतो, कामाला कंटाळतो. मालकाला वाटतं जंत झाले.

घरच्या घरी बघायचं असेल तर लिदीचे पाच-सहा गोळे घ्या. जमिनीला टेकलेले नकोत, वरचे घ्या. पारदर्शक बरणीत पाणी घेऊन त्यात ते चांगले कुस्करा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग बरणी हळूच तिरकी करून तळ बोटानं चाचपा. एखादा चमचा रेती हाताला लागली तर आम्हाला कळवा. काहीच लागली नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. आतली रेती रोज बाहेर पडतेच असं नाही.

उपाय साधा आहे: चारा जमिनीवर टाकायचा नाही. रबरी चटईवर किंवा खोल गव्हाणीत द्या, आणि चटई रोज झाडा. त्याशिवाय महिन्यातून एकदा सलग सात दिवस इसबगोल. ४०० किलोच्या घोड्याला रोज २०० ते ४०० ग्रॅम, कोरडंच, खुराकात थोड्या तेलात कालवून लगेच खायला द्या. भिजवून ठेवलं तर त्याचा चिकट गोळा होतो आणि घोडा तोंड लावत नाही. आम्ही ते गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून थेट मागवतो आणि सात दिवसांच्या मापाच्या पिशव्या बांधून ठेवतो. मेडिकलमधल्या छोट्या डब्यांपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. रेती जास्त साचलेली असेल तर नुसत्या खाण्यातल्या इसबगोलावर विसंबू नका. तेव्हा ते मॅग्नेशियम सल्फेटबरोबर नळीतून द्यावं लागतं.

गोव्यातल्या ऋतूंप्रमाणे

एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं पाणी दुपारी कोमट होतं आणि घोडा ते पीत नाही. दिवसाला तीस-चाळीस लिटर पिणारा घोडा निम्म्यावर आला की सुकी लीद आत अडकते. टाकी सावलीत घ्या, बादली दोनदा बदला, खुराकात मीठ घाला. याच दिवसांत झाडाखाली पडलेले आंबे आणि फणस यांच्यापासून घोडा दूर बांधा.

जूनमध्ये पहिलं हिरवं गवत उगवलं की हौसेनं दिवसभर मोकळं सोडू नका. अर्ध्या तासापासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. घाटावरून नव्यानं आणलेल्या, रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांना हे दुप्पट लागू आहे, कारण त्यांना दाण्याची सवय असते, आपल्या गवताची नसते. पावसात पेंढ्याला आणि कडब्याला बुरशी धरते. गंजीत हात घातल्यावर ऊब लागली किंवा पांढरी धूळ उडाली तर ती गाईलाही घालू नका. चवथीच्या दिवसांत पाहुणे प्रेमानं घोड्याला नेवऱ्या आणि मोदक भरवतात, हॉटेलांतल्या लग्नांत वऱ्हाडी लाडू भरवतात. मोतद्दाराला संकोच वाटत असेल तर तबेल्यावर लावायला आम्ही छापील पाटी देतो.

गोचिडांचं औषध सांगायलाच हवं. गुरांवर फवारायचं अमिट्राझ घोड्याला चालत नाही. त्यानं आतड्याची हालचाल मंदावते आणि मोठा तुंबारा होतो. बाटलीवरचं नाव वाचून घ्या. घोड्याला चालणारं औषध आमच्याकडे आहे.

नोंदणी आणि खर्च

नोंदणी केलेल्या तबेल्याला आम्ही वर्षातून दोनदा भेट देतो. दात घासतो, लीद तपासून गरज असेल तरच जंताचं औषध देतो, घोड्याचं वजन आणि नेहमीची नाडी कार्डावर लिहून ठेवतो. रात्रीच्या फोनवर ते कार्ड आमच्या हातात असतं, त्यामुळे नेमकं बोलता येतं. रात्रीच्या भेटीला जास्त पैसे लागतात आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा यावं लागलं तर पुन्हा आकार लागतो. मात्र इंजेक्शनच्या आधी फोन आला असेल आणि आमच्या सांगण्यावरून तुम्ही थांबला असाल, तर दुसऱ्या फेरीचं फक्त पेट्रोल घेतो. ही सवलत आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

दिवाडी, चोडणसारख्या बेटांवरच्या मालकांनी रात्रीची शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते ते कार्डाच्या मागे लिहून ठेवावं आणि संध्याकाळी घोड्यानं खुराक न खाता टाकून दिला तर त्या वेळेच्या आतच फोन करावा. भाटांतल्या वाटा अंधारात मोबाईलच्या नकाशावर सापडत नाहीत, तेव्हा मुख्य रस्त्यावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा करा.