गाऱ्हाणं आणि कुरकुर: ख्रिस्ती लोक या दोन्हींत गल्लत का करतात?

रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही चौघं-पाच जण बसलो होतो. आमच्या मंडळीतल्या एका बहिणीचा नवरा आत व्हेंटिलेटरवर होता. अकरावा दिवस. तिने भिंतीला डोकं टेकलं, वर पाहिलं आणि म्हणाली, "देवा, झोपलास का रे तू?" लगेच एका वडीलधाऱ्या माणसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असं बोलू नये, बाळा. कुरकुर केली की आशीर्वाद थांबतो. विश्वास ठेव." तिने मान हलवली, डोळे पुसले आणि गप्प झाली. पुढे बरेच आठवडे ती देवाशी एक अक्षरही बोलली नाही. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. प्रार्थनासभांत, अंत्यविधीच्या वेळी, आजाऱ्याच्या उशाशी हीच चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गप्प राहवत नाही.

कुरकुर म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. रानातल्या इस्राएल लोकांवर निदान दहा उपदेश तरी तुम्ही ऐकले असतील. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून सुटून जेमतेम महिना झाला होता आणि त्यांना मांसाच्या भांड्यांची आठवण यायला लागली (निर्गम 16). 'सर्व काही कुरकुर न करता करा' हे पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं वाक्यही तुम्हाला पाठ असेल. त्यावर मी जास्त बोलत नाही.

गाऱ्हाण्याबद्दल मात्र फारसं कुणी शिकवत नाही. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. रविवारच्या उपासनेत त्यांतली किती वाचली जातात, तुम्हीच आठवून बघा.

ही दोन ओळखायला लोक ज्या खुणा वापरतात, त्या बहुतेक निरुपयोगी आहेत. आवाज चढला की कुरकुर? नाही. मूल व्हावं म्हणून प्रार्थना करणारी हन्ना तर ओठच हलवत होती, तरी एली याजकाला ती प्यालेली वाटली. शब्द कडू असले की कुरकुर? तेही नाही, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाइतके कडू शब्द क्वचितच कुणी उच्चारले असतील. फार दिवस चालली म्हणून कुरकुर? स्तोत्र 13 च्या पहिल्या दोनच ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. शेवटी स्तुती आली नाही तर कुरकुर? याकडे पुढे येतोच.

खरी खूण एकच आहे, आणि ती सर्वनामात आहे. माणूस देवाला 'तू' म्हणतोय की 'तो', हे ऐका.

अनुवाद या पुस्तकात (1:27) इस्राएलांचा पुढारी मोशे लोकांना जुन्या दिवसांची आठवण करून देतो. तुम्ही आपापल्या तंबूंत कुरकुर केलीत, तो म्हणतो, आणि म्हणालात की परमेश्वर आमचा द्वेष करतो, म्हणूनच त्याने आम्हाला मिसरातून काढलं. बोलणं कुठे चाललंय बघा: तंबूत. कुणाशी? एकमेकांशी. परमेश्वर मात्र त्या बोलण्यात गैरहजर आहे. त्याच्यावर खटला चाललाय, निकालही लागलाय ('तो आमचा द्वेष करतो'), पण त्याला कुणी काही विचारलेलंच नाही. स्तोत्रकर्त्यालाही नेमकी हीच शंका आहे. तू मला विसरलास का? तू तोंड का लपवतोस? आरोप जवळजवळ सारखाच, पण हा माणूस तो आरोप घेऊन दारात जाऊन उभा राहतो.

मराठीत तर हा फरक शब्दांतच मुरलेला आहे. गाऱ्हाणं आपण घालतो, मांडतो, कुणीतरी ते ऐकून घेतं. ऐकणारा नसेल तर गाऱ्हाणं होतच नाही. आणि कुरकुर? जुनी खाट कुरकुरते, दाराची बिजागरी कुरकुरते. तो आवाज कुणाला उद्देशून नसतो. नुसता होत राहतो, रात्रभर.

शंका असेल तर गणनेचा 11 वा अध्याय सावकाश वाचा. माझ्या मते या विषयावर पवित्र शास्त्रात याहून स्पष्ट दुसरं काही नाही, आणि उपदेशांत त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. रान एकच, उन्हाळा एकच, अध्याय एकच, आणि त्यात तक्रार करणारे दोन. एक म्हणजे लोक. आपापल्या तंबूच्या दाराशी ते रडत बसले आहेत: मिसरात मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण होता, आता बघावं तिकडे मान्नाच, म्हणजे देव रोज रानात देत होता ते अन्न. (फुकट! त्या माशांसाठी त्यांच्या पाठीवर चाबूक पडत होते. कुरकुर करणाऱ्याच्या आठवणी नेहमी अशाच धुवून-पुसून ठेवलेल्या असतात.)

दुसरा तक्रार करणारा मोशे. त्याचे शब्द लोकांपेक्षा कितीतरी जहाल आहेत. तू तुझ्या सेवकाला का छळलंस? या सगळ्या लोकांना मी पोटात वाढवलं का, मी जन्म दिला का, म्हणून तू मला सांगतोस की दाई तान्ह्या बाळाला नेते तसं त्यांना उराशी धरून ने? मला एकट्याला हे ओझं पेलत नाही. तू असंच करणार असशील तर मला आत्ताच मारून टाक. आजच्या एखाद्या प्रार्थनासभेत कुणी असं बोललं तर चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन समजावतील.

देव काय करतो? मोशेला एका शब्दानेही रागवत नाही. सत्तर वडील निवडून आण, म्हणतो, ते तुझ्याबरोबर ओझं वाहतील, तुला एकट्याला वाहावं लागणार नाही. म्हणजे मोशेचं जे नेमकं दुखणं होतं, त्याच दुखण्याला उत्तर. लोकांनाही मांस मिळालं, लावे पक्षी आले, पण ते दातांत असतानाच मरी पसरली, आणि त्या जागेला हव्यासाच्या कबरी असं नाव पडलं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, 'पण देवाने कुरकुरही ऐकलीच ना?' ऐकली. निर्गम 16 मध्ये तर कुरकुर करणाऱ्यांनाही त्याने मान्ना दिला, आणि त्याची दया तेवढी मोठी आहे. मात्र तिथेच मोशे लोकांना सांगतो की तुमची कुरकुर आमच्याविरुद्ध नाही, परमेश्वराविरुद्ध आहे. ते परमेश्वराविरुद्ध बोलत होते, परमेश्वराशी बोलतच नव्हते. माझं म्हणणं एवढंच आहे. होशेय 7:14 मध्ये देव स्वतःच हे दुःख बोलून दाखवतो: ते आपल्या बिछान्यांवर आक्रोश करतात, पण मनापासून माझा धावा करत नाहीत.

हीच खूण ईयोबाच्या पुस्तकाला लावून बघा. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर देवाबद्दल पानंच्या पानं बोलतात. बरंचसं ऐकायला सुरेख आहे, त्यातली वाक्यं भिंतीवर टांगावीशी वाटतात. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्यातला एकही जण देवाकडे वळून 'तू' म्हणत नाही. ईयोब मात्र बोलता बोलता मध्येच मित्रांना सोडतो आणि थेट देवाला विचारतो: माझ्यावर पहारा का ठेवलास? मला गर्भातून बाहेर का काढलंस? शेवटी 42:7 मध्ये देव अलीफजला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. 'माझ्याविषयी' यासाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'माझ्याशी' असाही होतो. मला तो दुसरा अर्थ अधिक पटतो.

आता स्तुतीचं. 'रडा, पण शेवट विजयात करा' असं सांगणाऱ्यांना मी स्तोत्र 88 दाखवतो. त्याचा शेवट अंधारात होतो. तिथे वळण नाही, 'तरीही मी गाईन' नाही. विश्वास कुठे दिसतो? हा माणूस देवाला हाक मारतो, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि एकदाही त्याच्याकडे पाठ फिरवत नाही, यात. शिवाय या स्तोत्राच्या शीर्षकात 'मुख्य गवयासाठी' असं लिहिलं आहे. म्हणजे ते मंडळीने मिळून गाण्यासाठी होतं. ते गाळण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे मला अजून कळलेलं नाही.

विलापगीताचं तर आपण फारच वाईट केलं आहे. 'त्याची करुणा रोज सकाळी नवी होते' ही ओळ प्रत्येक ख्रिस्ती घरात कुठेतरी लटकलेली असते. त्याच तिसऱ्या अध्यायात, जेमतेम बारा-तेरा ओव्या आधी, देव दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा आहे असं म्हटलंय. ते वाक्य कुणीही कॅलेंडरवर छापत नाही. आणि नीट पाहिलं तर त्या अध्यायाचा कवीही सुरुवातीला 'तो'मध्येच अडकलेला आहे: त्याने मला अंधारात नेलं, त्याने माझी हाडं मोडली. 'रोज सकाळी नवी' म्हणून झाल्याबरोबर शब्द बदलतात: तुझं विश्वासूपण थोर आहे. तिथे 'तू' आला. स्तोत्र 23 तर तुम्हाला तोंडपाठ आहे. 'तो मला हिरव्या कुरणांत बसवतो', 'तो मला नेतो' असं चालू असतं, आणि मृत्युच्छायेची दरी आली की एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस'. कुरणात 'तो' चालतो. दरीत नाही चालत.

म्हणून 'तो'ने सुरुवात झाली तर घाबरू नका. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी कित्येक रात्री बहिणीशी फोनवर देवाबद्दल बोललो. तो असा का वागतो, त्याला आमचंच घर दिसलं का. तासन्‌तास बोललो. एके रात्री फोन ठेवला आणि तीच वाक्यं अंधारात परत म्हटली, फक्त 'तो'च्या जागी 'तू' घालून. तिसऱ्या वाक्याला मला रडू फुटलं. आई वाचली नाही. पण त्या रात्रीपासून मी तंबूच्या बाहेर होतो.

आणखी दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो, कारण या दोन वचनांचा वापर मला बघवत नाही. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' (1 थेस्सलनीकाकरांस 5:18) याचा अर्थ 'सर्व स्थितीत' असाच आहे, 'सर्व स्थितींबद्दल' असा नाही. आईच्या शवाशेजारी उभ्या असलेल्या मुलाला त्या मृत्यूबद्दल आभार मानायला लावू नका. लाजराच्या कबरीपाशी येशूने तसं केलं नाही. तो रडला, आणि त्याच्या आधी लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया या दोघींनीही त्याला तोंडावर सुनावलं होतं की आपण इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी कुणालाही गप्प बसवलं नाही. दुसरं वचन रोमकरांस 8:28, 'सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात'. ते सांगायचंच असेल तर दोन ओव्या आधीपासून वाचा. तिथे पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो आहे.

त्या बहिणीचा नवरा पुढे बरा झाला. तरीही ती प्रार्थना करत नव्हती. आपण त्या दिवशी काहीतरी अभद्र बोललो आणि देव रागावला, हे तिच्या मनातून जात नव्हतं. मी तिच्यापुढे स्तोत्र 44 उघडून ठेवलं आणि 23 व्या ओवीवर बोट ठेवलं. हे प्रभू, जागा हो, तू का झोपलास?

तिने ते मनात वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने. बराच वेळ पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, हे तर मी म्हटलं होतं."